साडूचा मुतखडा उघडत नाही

…आणि वर मलाच विचारतो, तुम्ही कोण? म्हणजे शब्द अगदी हे नव्हते, शब्द सभ्य होते, सरकारी पत्रात असतात तसे. पडद्याच्या मधोमध एक पांढरी चौकट, चौकटीत पिवळा त्रिकोण आणि पुढे एक ओळ, की या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही. परवानगी नाही म्हणे. मला! अहो, कॉम्प्युटर माझा, टेबल माझं, खुर्ची माझी, तो फोल्डर मी माझ्या हाताने बनवलेला, त्यातली एकेक फाईल मी उन्हातान्हात पायपीट करून आणलेली, आणि हे पत्र्याचं खोकं मला दारात उभं करून सांगतंय की आत यायचं नाही. बरं, आपलंच काही चुकलं असेल म्हणून मी पुन्हा क्लिक केलं, तर पुन्हा तेच. मग जरा जोरात केलं. हसू नका, तुम्हीही जोरातच करता. तरी तेच.

आता तुम्ही म्हणाल, नाही उघडला फोल्डर तर नाही उघडला, एवढं काय त्यात? नाही, थांबा, मी कोण ते आधी सांगायला हवं, त्याशिवाय तुम्हाला या अपमानाचं वजन कळायचं नाही. मी बातमीदार. टेबलावर बसून दुसऱ्यांच्या बातम्या फिरवणारा नव्हे, चपला झिजवणारा. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी दिसली की माझे पाय आपोआप तिकडेच वळतात. बंद दाराआडच्या बैठकीत मी चहाच्या ट्रेमागून शिरलोय. पडलेल्या पुलाच्या कामावर डोक्यावर पिवळी टोपी घालून इंजिनियरांच्या घोळक्यात उभा राहिलोय, आणि त्यातल्या एकाने मलाच विचारलंय की साहेब, आता काय करायचं? ज्या दरवानांनी मला अडवलं ते दमले, बदलून गेले, निवृत्त झाले, मी आत जातच राहिलो. आणि एवढं सगळं करून शेवटी मला अडवलं कुणी? माझ्याच घरात, माझ्याच टेबलाखाली, माझ्याच विजेवर चालणाऱ्या डब्याने.

आणि दिवस कुठला निवडला बघा. दुसरा कुठलाही चालला असता. 

त्याचं असं झालं, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे आणि टाकीच्या खाली वस्ती. त्या वस्तीत पोरं एकामागून एक पोटाने आजारी पडायला लागली. तिथे शिवणकाम करणारी एक बाई आहे, तिचा मुलगा दवाखान्यात, तिने मला फोन करून बोलावलं, तिच्या मशीनशेजारी बसून मी सगळं ऐकलं, आणि तिथून तडक पाणीखात्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांना धरलं. असे प्रश्न टाकले, असे प्रश्न टाकले की शेवटी माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, टाकीची तपासणी झालेली नाही. झालं, बातमी लागली. पहिल्या पानावर. वस्तीतल्या लोकांनी पाणी उकळायला सुरुवात केली.

आणि त्यावर साहेबांचं पत्र आलं. कसं आलं? गुळगुळीत. 'मी असे कोणतेही विधान केलेले नाही. सदर पाणी पिण्यास योग्य आहे. आपल्या दैनिकाने जाहीर माफी मागावी.'

आमचे संपादक तरुण आहेत. एके काळी माझ्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आले होते, मीच त्यांना पहिल्यांदा पोलीस चौकीत नेलं होतं, अजूनही मला सर म्हणतात, आणि सर म्हणून जो माणूस बोलतो ना, तो जास्त घातक असतो, हे लक्षात ठेवा. सकाळी फोन. "सर, रेकॉर्डिंग आहे ना?" म्हटलं, आहे. "मग संध्याकाळी सहापर्यंत मला ऐकवा. नाहीतर सर, मालकांचा आग्रह आहे, उद्या माफी छापावी लागेल."

माफी! एवढ्या वर्षांत माझ्या एका ओळीबद्दल पेपरला माफी मागावी लागलेली नाही. आणि माझं सोडा हो, माझं नाक कापलं तर कापलं, पण माफी छापून आली की वस्तीतली माणसं काय समजणार? की पाणी चांगलं आहे. दुसऱ्या दिवसापासून उकळणं बंद. गॅस का कुणाला फुकट मिळतो? म्हणजे तुम्हाला सांगतो, त्या पांढऱ्या चौकटीच्या पलीकडे नुसती फाईल नव्हती, ती सगळी पोरं होती, आणि अलीकडे मी, माउस हातात घेऊन. परवानगी नाही म्हणे. मला!

आता तुम्ही विचाराल, रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठे नव्हतं का? नव्हतं. माझा रेकॉर्डर आहे बोटाएवढा, तो भरला की मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवतो आणि रेकॉर्डर पुसून टाकतो. मग ते इंटरनेटवर, वर कुठेतरी आभाळात ठेवतात म्हणतात, तिथे? अहो, जी गोष्ट मी शेजाऱ्यालाही सांगत नाही ती आभाळात कुणाच्या भरवशावर ठेवू? मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. हा माझा धंदाच आहे. इतका की माझ्या फाईलींना मी खरी नावंसुद्धा देत नाही. उद्या कुणी घरात घुसून कॉम्प्युटर उघडलाच आणि त्याला 'पाणीखाते भानगड' असं नाव दिसलं तर? म्हणून मी नातेवाइकांची दुखणी घालतो. पूल पडला त्याची फाईल 'आत्याचे गुडघे'. औषधखरेदीची 'काकांची कंबर'. जमिनीचं प्रकरण 'मामांची मूळव्याध'. कोण उघडेल सांगा? जगात कुणालाही दुसऱ्याच्या मामाची मूळव्याध उघडून बघावीशी वाटत नाही. तर ही पाण्याच्या टाकीची जी फाईल होती, तिचं नाव 'साडूचा मुतखडा'. बायकोला ही पद्धत पसंत नाही. तिचं म्हणणं, तुमच्याकडच्यांना साधी कंबर आणि आमच्याकडच्यांना मुतखडा, हे कसं? मी म्हटलं, अगं, विषय पाण्याचा होता.

तर हे सगळं त्या एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर मी कुलपात ठेवलेला. जावई आले की माझ्या कॉम्प्युटरवर क्रिकेट बघतात, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन, एकेक नाव काढून टाकून, फक्त माझं नाव ठेवलं होतं. मी सोडून कुणीही आत जाऊ शकणार नाही. केवढा अभिमान वाटला होता मला तेव्हा.

मग ही ब्याद आली कुठून? ड्राइव्हमधून. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी दाढी करून यायचो. सगळे म्हणायला लागले, नवी ड्राइव्ह टाका, पळायला लागेल. दुकानात नेऊन टाकायला मी तयार नव्हतो, दुकानात कोण कोणाच्या फाईली बघेल काय सांगावं? म्हणून ड्राइव्हवाल्यालाच घरी बोलावलं आणि तो काम करत असताना त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये मी उभा राहिलो. तो म्हणायचा, "काका, जरा सरका, मला दिसत नाही." मी म्हणायचो, तेवढ्यासाठीच उभा आहे. त्याने नवी ड्राइव्ह लावली, तिच्यावर सगळी यंत्रणा नव्याने घातली, मला नवं खातं काढून दिलं, त्याला माझंच नाव दिलं, जुनी ड्राइव्ह शेजारी तशीच जोडून ठेवली आणि म्हणाला, "फाईली तुमच्या जुन्या ड्राइव्हवर जशाच्या तशा आहेत. नवी ड्राइव्ह छोटी आहे, खाचेत हलतेय, तिला धरून ठेवणारी पट्टी उद्या-परवा आणतो. तोवर आत हात घालू नका." असं म्हणून झाकण बाजूला ठेवून गेला.

आता ती हलणारी ड्राइव्ह मला बघवेना. वर्तमानपत्राच्या माणसाला काही हलताना बघवत नाही. आमच्या ऑफिसातलं एक टेबल असं नाही ज्याच्या पायाखाली कालचा अंक नाही. खिडकी वाजते? अंक घाला. कपाट डुगडुगतं? पुरवणी घाला. मी आमच्या रविवारच्या पुरवणीची चांगली जाड घडी केली, ड्राइव्हच्या खाली सरकवली, घट्ट बसली, झाकण लावलं. काम पक्कं. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर असा पळाला म्हणता, मी बटण दाबलं आणि दाढीला उठेपर्यंत हा तयार. मी खूश. त्या फोल्डरला तेव्हा हात लावलाच नव्हता ना! हात लावला तो संपादकांच्या फोननंतर, आणि मग ती चौकट.

मी ड्राइव्हवाल्याला फोन लावला. तो दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाखाली होता, आवाज तसाच येत होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्या फाईलींचं काय केलंत, तुम्हाला कुणी पाठवलं होतं, खरं सांगा. तो बिचारा म्हणाला, कुणी पाठवलं म्हणजे काय काका, तुम्हीच फोन केला होतात. मी त्याला धंद्यातल्या जबाबदारीबद्दल बराच वेळ सांगितलं. तो मध्ये मध्ये 'काका, ऐका' एवढंच म्हणत होता. शेवटी मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "उघडत काय नाहीये पण?"

म्हटलं, साडूचा मुतखडा.

तिकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज. मग अगदी हळू आवाजात, "काका, तुम्ही डॉक्टरला फोन लावताय का?"

त्याला नावांची पद्धत समजावून सांगण्यात आणखी वेळ गेला. मग त्याने मला जे सांगितलं ना, ते ऐका. म्हणाला, कॉम्प्युटर नावाने ओळखत नाही माणसाला. आत प्रत्येक खात्याचा एक लांबलचक नंबर असतो. जुन्या यंत्रणेत तुमचा नंबर वेगळा होता, नव्या यंत्रणेत वेगळा आहे. फोल्डरवर कुलूप घातलंय ते जुन्या तुमचं. म्हणजे नाव तुमचंच आहे, पण तुम्ही ते नाही.

मी ते नाही! बायको समोर परीक्षेचे पेपर तपासत बसली होती, ती गणित शिकवते, तिने मान वर न करता विचारलं, "मग ते कुठे गेले म्हणतोय?"

मी ड्राइव्हवाल्याला म्हटलं, अहो, मी जिवंत आहे, तुमच्याशी बोलतोय, आधारासाठी माझी बायको साक्षीला बसलीय. तो म्हणाला, त्याचा काही उपयोग नाही, तुम्ही आता फोल्डरची मालकी घ्या. मालकी घ्या म्हणजे? म्हणजे माझीच वस्तू मी ताब्यात घ्यायची, असा रीतसर अर्ज माझ्याच कॉम्प्युटरला करायचा. उजवं बटण, खाली जा, सुरक्षा, प्रगत, मालक बदला, माझं नाव टाका, आतल्या सगळ्या फाईलींनाही लागू करा, ठीक. मग एक हिरवी पट्टी सरकायला लागेल. ती पूर्ण होईपर्यंत कशाला हात लावू नका.

केलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. खाली एकेक नाव झरझर जायला लागलं, अगदी बाराखडीच्या क्रमाने, फाईली होत्याही हजारोंनी. आत्याचे गुडघे, त्याच्या आतले कागद, फोटो, सगळं. मग काकांची कंबर. मी टेबलाला घट्ट धरून बसलेलो. कंबर संपली. चुलतभावाची ॲलर्जी लागली. आणि फट्. पडदा काळा. नुसता काळा. टेबलाखालची घरघर बंद. वीज गेली म्हणावं तर वरचा दिवा जळतोय, बायकोचा पंखा चालू आहे. फक्त माझं खोकं मेलेलं.

बटण दाबलं. काही नाही. जरा वेळाने दाबलं, सुरू झालं, आणि सुरू झाल्याबरोबर मलाच दटावलं की कॉम्प्युटर नीट बंद केला नव्हता, आता ड्राइव्ह तपासायला घेतोय, थांबा. मी नीट बंद केला नव्हता! ती तपासणी संपेपर्यंत माझं रक्त आटलं. मग फोल्डर उघडला. उघडला बरं का! आत्याचे गुडघे उघडले. काकांची कंबर उघडली. मी खाली खाली गेलो, साडूपाशी आलो, क्लिक केलं, पिवळा त्रिकोण. परवानगी नाही म्हणे. मला! काकांपर्यंत मी मालक आणि साडूपाशी उपरा.

पुन्हा मालकी घेतली. पुन्हा पट्टी पहिल्यापासून, पुन्हा आत्या. या खेपेला चुलतभाव पार झाला, मामांची मूळव्याध आली, मी मनातल्या मनात म्हणतोय, चला मामा, लवकर आटपा, अजून मावशीचा दमा आहे, मेव्हण्याचं पित्त आहे, मग साडू… मूळव्याधीत पुन्हा फट्. काळा पडदा.

तुम्हाला सांगतो, माणूस समोर असता तर मी त्याला घोळात घेतलं असतं, धमकावलं असतं, त्याच्या साहेबाचं नाव सांगितलं असतं. इथे धमकी कुणाला द्यायची? मी दिली तरी. खोक्याला म्हटलं, लक्षात ठेव, मी भल्याभल्यांना उघडं पाडलंय.

तेवढ्यात फोन. मला वाटलं ड्राइव्हवाला. ती शिवणकामवाली बाई होती. तिच्या मागे मशीन चालत नव्हतं, नेहमी चालतं. म्हणाली, "दादा, इथे एक जण सांगत होता, उद्या पेपरात येणार आहे की पाणी चांगलं आहे म्हणून. खरं का? मी काय करू, उकळत राहू का नको?"

मी म्हटलं, राहा. तिने विचारलं, "नक्की?" आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, इतक्या वर्षांत मला कुणी 'नक्की' विचारलं आणि माझ्या तोंडून लगेच 'हो' गेलं नाही, असं पहिल्यांदा झालं. मी घड्याळाकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मग म्हटलं, नक्की. उकळत राहा.

फोन ठेवतोय तोवर संपादकांचा. "सर, मिळालं?" म्हटलं, मूळव्याधीपर्यंत पोहोचलोय. त्यांना पद्धत माहीत आहे, ते हसले नाहीत. म्हणाले, सर, मी वाईट वाटून घेऊ नका म्हणणार नाही, पण तयारी म्हणून मजकूर लिहून ठेवलाय, तुम्ही एकदा ऐका. आणि मला माझ्याच माफीचा मजकूर वाचून दाखवायला लागले! 'अनवधानाने', 'विपर्यास', 'दिलगीर आहोत'. मी त्यांना थांबवून म्हटलं, 'अनवधानाने' हा शब्द मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात वापरायचा नाही म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, "सर, मग दुसरा सुचवा." म्हणजे बघा, माझ्या फाशीचा दोर मीच वळून द्यायचा.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. पट्टी सुरू. इकडे बायको म्हणते, "अहो." म्हटलं, थांब. "अहो, ऐका ना." म्हटलं, अगं, चुलतभाव चाललाय, आत्ता नको. ती म्हणाली, "जळल्यासारखा वास येतोय." म्हटलं, माझा जीव जळतोय सकाळपासून, त्याचाच येत असेल. ती उठली. पेपर बाजूला ठेवले, लाल पेन कानामागे खोचलं, टेबलाखाली वाकली आणि मला न विचारता सरळ मागचं बटण बंद केलं. पट्टी अर्ध्यावर असताना!

मी काय काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं, वर्गाचा गोंगाट ऐकून घेतात तसं, आणि झाकण काढलं. आत बघितलं. मलाही बघायला सांगितलं.

रविवारची पुरवणी. माझी ती घट्ट बसवलेली जाड घडी. कागदच तो, उबेने फुगला होता, उलगडत गेला होता, आणि त्याचं एक पान, आरोग्याचं पान, छानपैकी जाऊन आतल्या पंख्यात अडकून बसलेलं. पंखा जाम. ज्या चिपला वारा घालायला तो पंखा ठेवलाय, तिला वाराच नाही. म्हणजे नुसतं बसून असलं की खोकं बरं, काम पडलं की तापायचं, आणि फार तापलं की जीव वाचवायला आपला आपण बंद व्हायचं. पानाची कड तपकिरी झालेली. त्यावरचा मथळा अजून वाचता येत होता, 'उष्माघातापासून बचाव'.

बायकोने ते पान चिमटीत धरून बाहेर ओढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "यात तुमचा लेख आहे." बस्स. एवढंच. पुन्हा पेपर तपासायला बसली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मग काय, आता खोकं गार व्हायची वाट बघा. मी बायकोचा टेबलफॅन उचलून खोक्याच्या तोंडाशी लावला. तिच्या उत्तरपत्रिका उडायला लागल्या, तिने त्यांच्यावर डबा ठेवला. नवी ड्राइव्ह हातात धरून बसलो, हो, हातात, ती हलू नये म्हणून, जमिनीवर मांडी घालून, तान्हं मूल धरतात तशी. आणि माउस बायकोकडे. ती एक हात उत्तरपत्रिकेवर, एक हात माउसवर. "हं, मालक बदलला. हिरवी पट्टी चालू झाली. आत्याबाई गेल्या." तिथून खाली मला पडदा दिसेना, ती सांगेल तेवढंच जग. "काका गेले. चुलतभाऊ गेला." मग गप्पच. म्हटलं, काय झालं? "काही नाही, याने भागाकार चुकवलाय." म्हटलं, अगं, मामा कुठायत? "मामा चाललेत." पंखा गरगरतोय, छान गार वारा माझ्या मनगटाला लागतोय. "मावशी. मेव्हणा." मी डोळे मिटले. "साडू," ती म्हणाली, "झाला."

उघडला. साडूचा मुतखडा उघडला, तुम्हाला सांगतो, आणि त्या क्षणी मला खऱ्या साडूबद्दलसुद्धा प्रेम वाटलं. ऐकत बसायला वेळ कुठे होता? पेनड्राइव्हवर घेतली फाईल, खिशात टाकली, चपला उलटसुलट घालून जिना उतरलो, रस्त्यात जो रिक्षावाला थांबेना त्याच्या पुढ्यात उभा राहिलो आणि सहाच्या ठोक्याला संपादकांच्या केबिनमध्ये. पेपरची पानं लावणारा दारातच उभा होता, त्याच्या हातात दोन कागद, एकावर माझी माफी आणि एक कोरा.

म्हटलं, लावा. सुरुवातीलाच आहे. माझ्या तिसऱ्या प्रश्नावर माणूस कोलमडतो बघा.

लावलं. माझा आवाज. पहिला प्रश्न. चांगला प्रश्न होता हो, पार्श्वभूमीसकट. मग दुसरा, त्याला जोडून आकडेवारी. तिकडून साहेब म्हणतात, "त्याचं असं आहे…" आणि माझा आवाज म्हणतो, असं-तसं सांगू नका, मी सांगतो कसं आहे ते. आणि मी सांगतोय. टाक्या कशा बांधतात, कशा धुवायच्या असतात, पूर्वी काय काय घडलं. साहेब म्हणतात, "हं." मी सांगतोय. साहेब, "बरोबर, पण…" मी म्हणतो, पण नाही! तिसरा प्रश्न आला. तो मी विचारला, आणि त्याचं उत्तरही मीच दिलं. चौथ्याचंही. संपादकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येतंय, पुढे आहे. पानं लावणाऱ्याने माफीचा कागद या हातातून त्या हातात घेतला. मी ऐकतोय, आणि मला लख्ख आठवत होतं की माणूस बोलला होता, माझ्या प्रश्नांच्या माऱ्याखाली बोलला होता, आणि इथे बघावं तर त्याला तोंड उघडायला जागाच नाही! संपादक अगदी हळू म्हणाले, "सर, मुलाखत त्यांची होती ना?"

आणि मग रेकॉर्डिंगमध्ये मी थांबलो. एकदम. खाकरण्याचा आवाज. काचेचा पेला टेबलावरून उचलल्याचा आवाज.

आणि साहेब घाईघाईने, अगदी घरच्यासारखे म्हणाले, "अहो, अहो, ते नका पिऊ. टाकीतलं आहे ते. तिची तपासणीच झालेली नाही, धुतलेलीसुद्धा नाही. हे घ्या, माझ्या घरची बाटली आहे."

मग माझं घटघट पाणी पिणं. आणि लगेच पुन्हा माझा आवाज, पाचवा प्रश्न.

संपादकांनी ते वाक्य पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. माफीचा कागद घेतला, आडवा फाडला आणि कोऱ्या कागदावर साहेबांचं वाक्य लिहायला लागले, शब्द न शब्द, बाटलीसकट. पानं लावणारा तो कागद घेऊन पळाला. मी बाहेर येऊन त्या बाईला फोन केला, म्हटलं, उद्याचा पेपर बघा, आणि उकळत राहा. या खेपेला तिच्या मागे मशीन चालू होतं.

मग संपादकांनी मला बसवलं, चहा मागवला, म्हणाले, "सर, जिंकलात." जिंकलो. हो, जिंकलोच ना. पण तुम्हाला सांगतो, चहा तसाच निवला. एवढी वर्षं मी समजत होतो की माझ्या प्रश्नांपुढे टिकाव लागत नाही म्हणून माणसं खरं बोलतात. छे हो. माझा घसा कधी कोरडा पडतोय, याची वाट बघत बसलेली असतात बिचारी.

असो. पाणी आहे का कुणाकडे? द्या जरा. आणि मी पितोय तोवर, तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या.